गाळलेलं घर

मार्गशीर्षातलं धुकं आमच्या चौकात शिरलं की समोरच्या घराचा आधी रंग जातो, मग खिडक्या जातात, आणि शेवटी त्या घरातल्या माणसांचं खोकणं तेवढं उरतं. पाटणमध्ये सगळ्यांना या धुक्याचा वैताग. कपडे वाळत नाहीत, विमानं उडत नाहीत, म्हाताऱ्यांचे गुडघे धरतात. मला मात्र हेच दिवस आवडतात. धुक्यात डोकं जरा सैल होतं, आणि माझं काम असंय की ते सैल डोक्यानेच नीट उमगतं.

मी नदीपलीकडच्या एका ऑफिसात प्रोग्रॅम लिहिते. आम्ही सांभाळतो ती लायब्ररी, म्हणजे इतरांच्या प्रोग्रॅमना वापरायला दिलेला तयार भागांचा संच, एकच, पण ती पाच-सहा संगणकी भाषांत बोलते. तिचं काम साधं. गोष्टींचा ढीग तिच्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचं, यातल्या नको त्या गाळ, उरलेल्यांना असं रूप दे, मग सगळं एका जागी गोळा कर. नको त्या म्हणजे कोणत्या आणि रूप म्हणजे कसलं, हे सांगायला एक चिमुकलं फंक्शन, म्हणजे हाक मारली की चालणारा सूचनांचा तुकडा, तिच्या हाती द्यायचं. अशा फंक्शनला क्लोजर म्हणतात. ते जिथे जन्माला आलं तिथली नावं गाठोड्यात बांधून निघतं. पुढे कुठल्याही परक्या ठिकाणी, कितीही उशिरा हाक मारा, ते गाठोडं सोडतं आणि त्यातून उत्तर देतं. मला या गाठोडंवाल्यांचं वेड आहे. बसमध्ये बसले की समोरच्या प्रत्येक माणसाच्या मांडीवर मला तसलं एक गाठोडं दिसायला लागतं.

शेजारच्या टेबलावर लोचन बसतो. भक्तपूरचा, आणि जिभेला हाड नाही. तो म्हणतो, "निरूता, तुझी फंक्शनं म्हणजे सासरी निघालेल्या पोरी. माहेरची भांडी उचलल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत."

"मग काय बिघडलं?"

"काही नाही. फक्त लक्षात ठेव, त्या भांडं नेतात, आतलं अन्न नाही. माहेरी कुणी त्या भांड्यात मागाहून दुसरं काही घातलं तर यांच्या पानात तेच येणार."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि मला ते ठाऊकही होतं. ठाऊक असणं आणि हाताला वळण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला यंदाच्या योमरी पौर्णिमेला कळलं.

आमची गुठी म्हणजे चौकाभोवतालची एका कुळाची घरं. नवा तांदूळ घरात आला की या पौर्णिमेला घरोघरी योमरी होते. तांदळाच्या पिठाची उकड, आत गूळ आणि तीळ, खाली निमुळती शेपटी. आमच्या गुठीची एक खोड आहे जी शेजारच्या चौकातही नाही. पहिली वाफवलेली योमरी घरात खायची नाही. ती काशाच्या ताटात घालून फेरातल्या पुढच्या घरी न्यायची. पहिल्याने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि शेवटच्याने पुन्हा पहिल्याकडे. आणि ताट पुढच्याच्या हाती पडेपर्यंत कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. बोललं तर नव्या वर्षाचं धान्य घरातून निघून जातं म्हणे. माझा विश्वास नाही, पण मीही कधी बोललेले नाही.

फेरातलं पहिलं घर थकालींचं, म्हणजे कुळातल्या सगळ्यात थोरल्या पुरुषाचं. आमचे थकाली चीरीकाजी. मी त्यांना ठूलोबा म्हणते. फेरातलं शेवटचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं, बेखामाया काकीचं. काका गेले, मुलगा नाही, मुलगी लग्न करून ऑस्ट्रेलियात. काका गेले त्या वर्षी सुतक होतं म्हणून काकीला फेरातून वगळलं. पुढच्या वर्षी सुतक नव्हतं, तरी वगळलं. मग ती रीतच पडली. आमच्या घरची योमरी काकीच्या दारावरून सरळ थकालींकडे जायला लागली. कुणी काकीशी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. सगळे तिची काळजीच करत होते, आणि काळजीला उलट उत्तर देता येत नाही.

यंदा चौकातली काही घरं विकली गेली, काही कुटुंबं शहराबाहेर राहायला गेली. नुसत्या सवयीवर चाललेला फेर विस्कटला. ठूलोबांनी मला बोलावून नवा क्रम सांगितला आणि म्हणाले, पौर्णिमेच्या पहाटे प्रत्येकाच्या फोनवर निरोप जाऊ दे, कुणाची योमरी कुणाकडे ते. त्यांनी घरं म्हणून दाखवली तेव्हा शेवटी काकीचंही नाव घेतलं, कारण घर म्हणून ते गुठीत होतंच. नाव घेऊन लगेच म्हणाले, "तिला गाळ."

मी म्हटलं, "ठूलोबा, पुढच्या महिन्यात काकी मुलीकडे कायमची चालली आहे. घरसुद्धा विकलं. जायच्या आधी एकदा तरी..."

"एकदा कशाला? एकदा केलं की जाताना तिलाच जड जाईल. एकटी बाई, हे सगळं करायचं तिने कुणाच्या जिवावर?" त्यांचा आवाज मऊ होता. मऊ आवाजाशी वाद घालणं मला कधी जमलेलं नाही. मी मान हलवली.

गुठीचा संगणक ढोल ठेवायच्या खोलीत असतो. कुणीतरी दान दिलेला, जुना, त्यावर जुनीच भाषा चालते. आमच्या लायब्ररीचं त्या भाषेतलं रूप मी त्यावर चढवलं. एकामागून एक घर घ्यायचं, काकीचं आलं तर सोडून द्यायचं, बाकी प्रत्येक घरासाठी एक छोटं फंक्शन बांधायचं: आधीच्या घराला सांग, तुझी योमरी या घरी ने. सगळी फंक्शनं गोळा करून ठेवायची आणि पौर्णिमेच्या पहाटे एकदम हाका मारायच्या. प्रोग्रॅमची ही फेरी चालू असतानाच एकेक ओळ पडद्यावर उमटवून पाहिली. प्रत्येक नाव जागच्या जागी होतं. ढोलांच्या चामड्याचा वास, खिडकीबाहेर धुकं, आणि पडद्यावर घरांमागून घरं चालली आहेत. मला त्या वेळी फार बरं वाटत होतं, हे कबूल करते.

आदल्या दिवशी काकीकडे बांधाबांध करायला गेले. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. काकी भांडी कागदात गुंडाळत होती आणि मला चिडवत होती, की तुझं लग्न ठरेपर्यंत मी तिकडे इंग्रजी शिकून येते, मग नवऱ्याला इंग्रजीत शिव्या देईन. मग हातातला पेला तसाच धरून थांबली.

"यंदाही नाही ना काही सांगणं आलेलं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही.

"मला कुणी आणून दिली नाही तरी चालेल गं. मी काय उपाशी आहे? पण माझी कुणाकडे न्यायची, ते कुणीतरी सांगायला हवं होतं. इतकी वर्षं पीठ मळते. मळून काय करायचं? मग सगळी मीच खाते, आणि पोट दुखतं." ती हसली, पेला गुंडाळला. "यंदा मळलंच नाही. पीठच नाही घरात."

मला रडू आलं. चुलीपाशी धूर झालाय म्हणून मी उठले. चूल तर कधीच थंड होती.

पौर्णिमेच्या पहाटे आईने वाफेच्या भांड्याचं झाकण काढलं, पहिली योमरी ताटात ठेवली, आणि आमच्या घरातलं बोलणं थांबलं. तेवढ्यात तिचा फोन थरथरला. तिने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा असा काही उजळला की मी घाबरलेच. तिने फोन माझ्यापुढे धरला. "तुमची पहिली योमरी बेखामायाच्या घरी."

मी जोरजोरात मान हलवली. चूक आहे, चूक, थकालींकडे न्यायची आहे. आईने ओठांवर बोट ठेवलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि ताट उचललं. तिला वाटलं, पोरीने धाडस केलं.

आम्ही बाहेर आलो. चौकात काही दिसत नव्हतं. मग डावीकडून एक ताट धुक्यातून वर आलं, त्यामागे माणूस आला. पलीकडून आणखी एक. दरवर्षी ही ताटं एकमेकांना ओलांडून जातात, कुणी वर, कुणी खाली, कुणी गल्लीच्या तोंडाशी. आज सगळी एकाच बाजूला चालली होती. पावलांचा आवाज नाही, बोलणं नाही, फक्त ताटांवरच्या कापडाखालून निघणारी वाफ धुक्यात मिसळत होती. एखादं झोपलेलं गाव झोपेतच उठून कुठेतरी निघालंय, असं मला वाटलं. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाही, भुवया उंचावी, आणि दोन्ही हात ताटाखाली अडकलेले म्हणून तसाच पुढे चाले.

आणि मी एकटीच होते जिला हे का झालं ते कळलं होतं आणि बोलता येत नव्हतं.

लोचनचं भांडं. ऑफिसात मी ज्या भाषेत लिहिते तिथे प्रत्येक फेरीला नवं कोरं भांडं मिळतं, त्यात त्या फेरीचं घर. त्या जुन्या भाषेत भांडं एकच. फेरी पुढे सरकली की त्याच भांड्यातलं घर बदलतं. निरोप कुणाला जायचा तो नंबर मी प्रत्येक फंक्शनात पक्का लिहिला होता, पण योमरी कुठे न्यायची यासाठी सगळी आपापल्या गाठोड्यात तेच एक भांडं घेऊन बसली होती. फेरी चालू असताना मी विचारलं तेव्हा त्या त्या वेळचं घर आत होतं. पहाटेपर्यंत फेरी संपून गेली होती, आणि भांड्यात उरलं होतं सगळ्यात शेवटी आलेलं घर. जिच्यासाठी मी एकही फंक्शन बांधलं नव्हतं त्या काकीचं. तिला सोडून दे म्हणायलासुद्धा तिचं नाव एकदा भांड्यात घालावं लागलं होतं, आणि ते तिथेच राहिलं.

काकीने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात चिकटपट्टी होती. आईने ताट पुढे केलं. काकी नुसती बघत राहिली. मग चिकटपट्टी खाली पडली, तिने पदराला हात पुसले, ताट घेतलं आणि कपाळाला लावलं. तेवढ्यात मागून दुसरं ताट आलं. मग तिसरं. काकी मागे सरकत गेली, माणसं आत येत गेली. चटया गुंडाळलेल्या, चौरंग बांधलेले, म्हणून ताटं जमिनीवर आणि खोक्यांवर ठेवली. आधी आलेल्यांचं मौन खरं तर सुटलं होतं, पण कुणी तोंड उघडेना. पोकळ झालेल्या त्या खोलीत गुळाचा वास भरला.

शेवटी थकाली आले. चूक झाली आहे हे त्यांना निरोप वाचताक्षणी समजलं असणार, कारण क्रम त्यांनीच तर सांगितला होता. पण सगळा चौक एका दाराकडे वळलेला पाहून त्यांनी एकट्याने ताट घेऊन जायचं तरी कुठे? त्यांनी ताट काकीच्या हातात दिलं, काठी टेकली आणि माझ्याकडे वळले.

"निरूता, हे काय आहे?"

"चूक झाली, ठूलोबा. प्रोग्रॅममध्ये. मुद्दाम नाही केलं."

आईचा चेहरा उतरला. काकीचा माझ्याने बघवेना. तिला वाटलं होतं कुणीतरी ठरवलं, आणि मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की कुणीच ठरवलं नव्हतं. माझी जीभ झडली असती तर बरं, असं त्या क्षणी वाटलं.

"मग उचला आपापली ताटं," थकाली म्हणाले. "मी क्रम सांगतो. योग्य घरी पोचवा, अजून उशीर झालेला नाही."

दोघे-तिघे वाकले.

"हात नका लावू," काकी म्हणाली. ती मोठ्याने बोलली नाही, पण वाकलेले तसेच थांबले. "चुकून येवो की कशीही येवो, माझ्या हातात दिलीत ना? मग माझी झाली. आता कुणाला द्यायची ते मी बघेन. दाजू, सांगा तुमचा क्रम." ती थकालींना दाजू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणते.

थकाली सांगायला लागले. ते एकेक घर म्हणत गेले आणि काकी त्या घराच्या ताटातली योमरी उचलून पुढच्या घराच्या ताटात ठेवत गेली. जे काम चौकभर धुक्यात व्हायचं ते तिच्या रिकाम्या खोलीत झालं. माणसांचे चेहरे सैलावले. कुणीतरी म्हणालं, बरं झालं, पाय तरी वाचले, आणि थोडं हसू फिरलं. असं करत करत आमच्या घराची पाळी आली.

"यांची माझ्याकडे," थकाली म्हणाले.

काकीने आईची योमरी उचलली आणि तशीच हातात धरून उभी राहिली.

"यांचं घर माझ्या भिंतीला लागून आहे, दाजू. यांच्यानंतर मी. ही मी ठेवते."

आईने खाली पाहिलं. इतकी वर्षं आम्हीच ते दार ओलांडून पुढे जात होतो, आणि एकदाही थांबलो नव्हतो. थकालींच्या ताटातली योमरी त्यांच्या पुढच्या घराकडे गेली होती. त्यांचं ताट खोक्यावर रिकामं पडलं होतं. या दिवशी रिकामं ताट घरी नेलं की वर्षभर घरात धान्य टिकत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"मग माझं?" थकालींनी विचारलं.

"तुमची माझ्याकडून यायची असते." काकी म्हणाली. "मी केलीच नाही. मला कुणी सांगितलंच नाही ना, दाजू. दर वर्षी वाट बघायची, कुणीतरी म्हणेल म्हणून. यंदा नाही बघितली."

थकाली काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. म्हातारा चिडला आहे की काय, मला कळेना.

"मला वाटायचं, तुला त्रास नको," ते म्हणाले.

"मला तोच हवा होता."

बाहेर कुणाच्यातरी गच्चीवर पारवे उठले, फडफडून पुन्हा बसले. थकालींनी आपलं रिकामं ताट उचललं. मला वाटलं, आता हे निघाले, संपलं सगळं. त्यांनी ते पंच्याने पुसलं आणि काकीपुढे धरलं.

"पीठ आणायला सांग कुणाला तरी. आणि इथे नको देऊस. माझ्या दारात आणून दे. मी घरी जाऊन थांबतो."

ते गेले. आई धावत जाऊन आमचं उरलेलं पीठ आणि सारण घेऊन आली. बांधलेल्या खोक्यांतून वाफेचं भांडं शोधून काढायला आम्हाला बराच वेळ लागला. काकीने तेलाचं बोट लावून उकडीला आकार दिला. हात सवयीचा, तरी पहिली फुटली. दुसरीही फुटली. "इंग्रजीत शिवी द्यावीशी वाटते," ती पुटपुटली, आणि आम्ही सगळ्या एकदम हसलो. तिसरी जमली. शेपटी जरा वाकडी होती. ती वाफवून ताटात ठेवली आणि काकी बोलायची थांबली.

आम्ही वाट सोडून भिंतीशी उभे राहिलो. ती उंबरा उतरली. चौक तसाच पांढरा होता, तिच्या ताटातली वाफ तेवढी पुढे चालली होती, मागे ती. ती खूप सावकाश चालत होती. घाई करण्यासारखं काही नव्हतंच. जाताना जड जाईल, असं ठूलोबा म्हणाले होते. जड गेलं असेल. मी तिचा चेहरा पाहू शकले नाही. पाठ मात्र ताठ होती.

पलीकडे दार उघडल्याचा आवाज झाला. धुक्यातून आधी ते घर आलं, मग उंबऱ्यातले थकाली आले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते, आणि ती पोचेपर्यंत तसेच धरून ठेवले.